रडला तो कोणत्या स्वभावानं

मोतीराम सोनोने सरांनी उभी नोकरी मोताळ्याच्या शाळेत इतिहास शिकवण्यात काढली, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांचा एक विनोद कधी वाया गेला नाही. रोमन साम्राज्याचा धडा आला की सर खडू खाली ठेवत, हात झटकत आणि सांगत, की पोरांनो, सतराशे वर्षांपूर्वी आमच्या ख्रिस्ती धर्मातले मोठमोठे धर्माध्यक्ष एका अक्षरावरून भांडले. ग्रीक भाषेतल्या एका शब्दात ‘इ’ असावा की नसावा, एवढाच प्रश्न. त्यापायी शहाणीसुरती माणसं हद्दपार झाली, एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. वर्ग खो खो हसायचा. सर स्वतः ख्रिस्ती, त्यामुळे त्या हसण्यात त्यांना आपल्या मोठ्या मनाचाही पुरावा दिसायचा.

निवृत्त झाल्यावर याच सरांनी एका शब्दावरून मोताळ्याच्या मंडळीचे दोन तुकडे केले. तेव्हा हसायला त्यांचे जुने विद्यार्थी गावभर पसरलेलेच होते. कुणी बँकेत, कुणी तहसीलीत, कुणी बसस्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर.

मंडळी म्हणजे काही मोठी नव्हे. मिशनच्या काळातलं टिनाच्या छताचं एक चर्च, दारात कडुनिंब, आणि रविवारी बाकं भरतील न भरतील एवढी घरं. पाळक मलकापूरला राहायचे, त्यांच्याकडे आणखीही गावं होती, म्हणून ते इथे एक रविवार आड यायचे. ते नसतील त्या दिवशी मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले ज्येष्ठ, या नात्यानं उपदेश सोनोने सर करायचे. सरांना उपदेश करायला फार आवडायचं. ऐकणाऱ्यांना तो किती आवडतो याची चौकशी त्यांनी कधी केली नाही, कारण तशी शंकाच त्यांना कधी आली नव्हती.

सरांच्या बायकोचा, म्हणजे कौशल्याबाईंचा, धाकटा भाऊ ज्ञानेश्वर इंगळे हाही मंडळीत वडील होता. कृषी खात्यातून निवृत्त झालेला, चर्चमध्ये पेटी वाजवणारा आणि सरांइतकंच वाचणारा. ख्रिस्ती माणसाचं नाव ज्ञानेश्वर कसं, असं बाहेरगावचे लोक विचारत. आजोबांनी धर्म बदलला पण घरातली नावं बदलली नाहीत, असं तो सांगायचा. या दोघांनी मिळून टपालानं शिकवला जाणारा धर्मशास्त्राचा एक अभ्यासक्रम पुरा केला होता. त्यात ज्ञानेश्वर पहिल्या वर्गात आला आणि सर दुसऱ्या. तपासणाऱ्याला आपलं अक्षर लागलं नसावं, असं सरांचं मत होतं, आणि ते त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवलं होतं.

त्या अभ्यासक्रमात सरांना त्यांचे जुने धर्माध्यक्ष पुन्हा भेटले, आणि या वेळी मात्र हसू आलं नाही. ख्रिस्त देवच आहे हे एकदाचं ठरलं, तेव्हा त्या लोकांपुढे पुढचा पेच उभा राहिला होता. ख्रिस्त देव हे खरं, आणि ख्रिस्त माणूस हेही खरं. मग ही दोन्ही एकाच्याच ठायी नांदतात कशी? देवाला भूक लागत नाही, झोप येत नाही, मरण येत नाही. माणसाला तिन्ही येतात. अंत्युखियाकडचे पंडित म्हणत, दोन्ही स्वभाव नीट वेगवेगळे ओळखा, नाहीतर देवालाच भूक लागली असं म्हणायची पाळी येईल. अलेक्झांड्रियाकडचे म्हणत, वेगवेगळे कसले, तो एकच आहे, त्याच्यावर जे गुदरलं ते देवावरच गुदरलं. राजधानीतला धर्माध्यक्ष नेस्टोरियस म्हणाला, मरियेला देवाची आई म्हणू नका, ख्रिस्ताची आई म्हणा. त्यावर अलेक्झांड्रियाचा सिरिल उसळला. इफिस शहरात परिषद भरली आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना बडतर्फ करून टाकलं. पुढे त्याच शहरातल्या दुसऱ्या एका परिषदेत तर एका म्हाताऱ्या धर्माध्यक्षाला एवढी मारहाण झाली, की तो त्यातच गेला असं म्हणतात. शेवटी कॅल्सेडॉन नावाच्या गावी ठराव झाला, की ख्रिस्त एकच, पण स्वभाव दोन. त्यांची सरमिसळ नाही, त्यांत बदल नाही, त्यांचे तुकडे नाहीत, त्यांची ताटातूट नाही.

हे चार ‘नाही’ सरांनी स्वतः मराठीत उतरवले होते. अंघोळ करताना ते ती ओळ मोठ्यानं म्हणत. आपल्याशिवाय बुलढाणा जिल्ह्यात हे कुणाला समजलेलं नाही, या विचारानं त्यांना एकाच वेळी वाईट आणि बरं वाटायचं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा पाळकांनी मधल्या रविवारचे उपदेश सरांवर सोपवले. सरांनी विषय ठरवला, ‘ख्रिस्ताचे दोन स्वभाव’. पहिल्याच रविवारी भिमाबाईनं बाहेर पडताना कौशल्याबाईंना विचारलं, की दोन स्वभाव म्हणजे घरात एक अन् बाहेर एक, असं काय? आमच्या मालकाचंही तसंच हाय. कौशल्याबाईंनी ते घरी येऊन सांगितलं. सरांनी त्यावर सावध व्हायला हवं होतं. त्यांनी ते मंडळीच्या अज्ञानाचं लक्षण मानलं आणि पुढचा उपदेश आणखी लांबवला.

त्या पुढच्या उपदेशात सरांनी लाजराच्या कबरेचा प्रसंग घेतला. मित्र मेला, येशू कबरेपाशी आला आणि रडला. सरांनी विचारलं, रडलं कोण? आणि उत्तरही त्यांनीच दिलं. रडला तो माणूसपणाच्या स्वभावानं. देवपणाच्या स्वभावाला डोळे नाहीत, अश्रू नाहीत, दुःख तर नाहीच नाही. तेव्हा देव रडला असं जे आपण सैलपणानं बोलतो, ते शास्त्राला धरून नाही.

तिसऱ्या बाकावर अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. त्यांचा एकुलता मुलगा आदल्या वर्षी मलकापूर रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. त्याच्या मातीला ज्ञानेश्वर बोलला होता, की बाई, कबरेपाशी उभं राहून देवसुद्धा रडलेला आहे, तुम्ही एकट्या नाही. सर तिथे होते. सगळे डोळे पुसत असताना सरांच्या मनात आलं होतं, की भावना ठीक, पण मांडणी ढिली आहे. ते त्यांनी तेव्हा मनातच ठेवलं. मनात ठेवलेलं असं काही सरांकडे फार दिवस टिकत नसे.

उपासना संपली तेव्हा अन्नपूर्णाबाई कुणाशी न बोलता निघून गेल्या. ज्ञानेश्वरनं पेटीचा भाता बंद केला आणि कडुनिंबाखाली सरांना गाठलं.

“भाऊजी, हे तुम्ही काऊन बोलले?”

“शास्त्र आहे ते,” सर म्हणाले. चर्चच्या आवारात सर कधी वऱ्हाडी बोलत नसत.

“शास्त्र मलेबी माहीत हाय. एकच जण हाय तो. तो रडला म्हंजे देव रडला. तुम्ही त्याचे दोन तुकडे करून राह्यले.”

सरांनी त्याला समजावलं की तुकडे नाहीत, भेद आहे. ज्ञानेश्वर म्हणाला, हेच नेस्टोरियस म्हणत होता. सर म्हणाले, आणि तू बोलतोस ते युटिकस म्हणत होता. युटिकस हा एक म्हातारा मठवासी; ख्रिस्ताचा माणूसपणा देवपणात विरघळून गेला असं म्हटल्याबद्दल तो पाखंडी ठरला होता. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना हा युटिकस कोण ते माहीत नव्हतं, पण शिवी आहे एवढं त्यांना कळलं.

पुढच्या रविवारी पाळकांना दुसऱ्या गावी लग्न लावायचं होतं. ज्ञानेश्वर पेटीवर बसलाच नाही, तो उठून बोलायला उभा राहिला. तो चांगला बोलला, हे सरांना बसल्याजागी कबूल करावं लागलं आणि त्यामुळेच ते जास्त चिडले. त्यांनी मध्येच उठून एक मुद्दा दुरुस्त केला. ज्ञानेश्वरनं ती दुरुस्ती दुरुस्त केली. शेवटचं गीत पेटीशिवाय झालं आणि कोण कुठल्या पट्टीत गातंय ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर मंडळी फुटली. फुटली म्हणजे दोन उपासना होऊ लागल्या, सकाळी आधी सरांची आणि मग ज्ञानेश्वरची. कोण कुणाकडे गेलं याचा ख्रिस्ताच्या स्वभावांशी काही संबंध नव्हता. इंगळ्यांच्या नात्यातले ज्ञानेश्वरकडे गेले. ज्यांना लवकर उठणं जमत नव्हतं तेही तिकडेच गेले. ज्यांना पेटी हवी होती ते तर गेलेच. सरांकडे त्यांचे सोनोने राहिले, शिवाय भिमाबाई राहिली, कारण तिला उपासना उरकून बाजार करायचा असे. सरांच्या गटाला गावात ‘दोनवाले’ म्हणू लागले आणि ज्ञानेश्वरच्या गटाला ‘एकवाले’. चहाच्या गाड्यावरचा सरांचा जुना विद्यार्थी कुलदीप त्यांना पाहिलं की आदरानं विचारी, की सर, एक देऊ का दोन? पहिल्या वेळी सरांना वाटलं तो चहाचंच विचारतोय.

कौशल्याबाई दोन्ही उपासनांना जात. नवऱ्याबरोबर पहिलीला बसत, ती संपली की कडुनिंबाखाली थोडं पाणी पिऊन भावाच्या उपासनेला पुन्हा आत जात. सरांनी एकदा घरी विचारलं, की तू नेमकी कोणत्या बाजूची. त्या म्हणाल्या, “तुमच्या दोघायचे कपडे म्याच इस्त्री करते. तुम्ही सांगा मी कोणत्या बाजूची.” त्यावर सर इफिसच्या परिषदेबद्दल बोलले.

खरं सांगायचं तर ते दिवस सरांना वाईट गेले नाहीत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना पहाटे उठल्यावर काहीतरी करायचं असायचं. ते आरशात दाढी करताना ज्ञानेश्वरला उत्तरं देत, आणि आरशातला ज्ञानेश्वर दर वेळी हरे. आपण प्राचीन धर्माध्यक्षांच्या रांगेत कुठेतरी शेवटी का होईना उभे आहोत, असं त्यांना वाटू लागलं होतं. त्या रांगेतल्या लोकांना वर्गात आपण काय म्हणत होतो, ते त्यांना अधूनमधून आठवायचं. तेव्हा ते गाल धुऊन टाकायचे.

शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला तसे पाळक घाबरले. दोन शुभ शुक्रवार कसे करायचे, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नसावं. त्यांनी मलकापूरहून फोन करून सांगितलं, की उपासना एकच होईल, दुपारी, आणि वधस्तंभावर ख्रिस्तानं उच्चारलेल्या सात वचनांवर सात जण बोलतील. चौथं वचन ज्ञानेश्वरला दिलं, ज्यात ख्रिस्त देवाला विचारतो की तू मला का सोडलंस. पाचवं सोनोने सरांना दिलं, तहानेचं.

सरांना आकाश ठेंगणं झालं. तहान! देवाला तहान लागते का? यापेक्षा चांगलं वचन त्यांनी स्वतःही निवडलं नसतं. त्यांनी रात्रंदिवस तयारी केली. वचनाला शोभावं म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा न घेण्याचा निश्चय केला. हा निश्चय देवासाठी होता, पण तो ज्ञानेश्वरच्या कानावर जाईल अशी व्यवस्थाही त्यांनी केली. कौशल्याबाई म्हणाल्या, ऊन पाहून राह्यले का तुम्ही? सर म्हणाले, त्या दिवशी गुलगुथ्यावर, वधस्तंभाच्या टेकडीवरही, ऊन होतं.

एप्रिलचं ऊन काय असतं ते मोताळ्यात कुणाला सांगायला नको. टिनाचं छत तापलेलं, दोन्ही गट दोन्हीकडच्या बाकांवर, आणि पहिल्या वचनालाच वीज गेली. पंखे थांबले. पहिले तीन बोलणारे भराभर उरकून बसले. ज्ञानेश्वरनं मात्र काही उरकलं नाही. तो सावकाश, डोळे मिटून, एकेक वाक्य तोलून बोलत राहिला, आणि सरांना पक्कं वाटलं की तो आपल्या निश्चयाचा सूड घेतोय. सरांची जीभ टाळूला चिकटली होती. समोरच्या भिंतीवरचा क्रूस मधूनच दोन दिसत होता.

शेवटी सर उभे राहिले. त्यांनी पुढच्या बाकाला धरलं. सुरुवातीचं वाक्य फार चांगलं आलं. “बंधुभगिनींनो, ही तहान कोणाची?” एवढं म्हणून त्यांनी वक्त्यानं घ्यावा तसा थोडा विराम घेतला. तो विराम लांबला. मंडळीला वाटलं सर परिणाम साधतायत. सरांना वाटत होतं की आपण पुढचं बोलतोय. मग ते आडवे झाले.

त्यांना नंतर सांगितलं गेलं, की सगळ्यांच्या आधी ज्ञानेश्वर धावला. पेटीवरून उडी मारून आला म्हणे. त्यानं सरांना खांद्यावर घेतलं, बाहेर कुणाची तरी रिक्षा उभी होती तीत घातलं आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. वाटेत तो रडत होता असंही भिमाबाईनं सांगितलं. कोणत्या स्वभावानं, ते सरांनी विचारलं नाही.

रुग्णालयात डॉक्टर सबीहा नावाची तरुण बाई होती. तिनं सलाईन लावलं आणि विचारलं, पाणी शेवटचं कधी प्यायलात? सरांनी सांगितलं. तिनं त्यांच्या वयाकडे, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि हे कुणी सांगितलं होतं असं विचारलं. सर म्हणाले, कुणीच नाही. ती म्हणाली, ते दिसतंच आहे.

ज्ञानेश्वर खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता. सलाईनचे थेंब पडताना दोघं बघत होते. तेवढ्यात खुर्शीद सर आले. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सरांचे सकाळच्या फिरण्यातले जुने सोबती. बातमी ऐकून तसेच आले होते. त्यांनी सरांचा हात हातात घेतला, बरं आहे हे पाहिलं, आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेला प्रश्न विचारला.

“सोनोने सर, बुरा नका मानू. पण सारं गाव बोलून राह्यलं, अन् मले काही समजून नाही राह्यलं. तुमच्या दोघायचं भांडण नेमकं हाय काय?”

सर उशीवरून जरा वर सरकले. ज्ञानेश्वरही स्टुलावर सरसावला. दोघांनी एकदमच सुरुवात केली, मग सरांनी हात वर करून त्याला थांबवलं, मग सलाईनची नळी ओढली गेली म्हणून हात खाली घेतला.

खुर्शीद सरांनी त्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे आधा खुदा अन् आधा इन्सान?”

“नाही,” दोघं म्हणाले.

“मंग खुदाच, पण माणसाचा वेश घेतलेला?”

“नाही, नाही,” ज्ञानेश्वर म्हणाला. “वेश नाही. खरोखरचा माणूस. भाऊजी, सांगा न त्याइले.”

“भूक लागणारा, थकणारा,” सर म्हणाले. “अगदी पुरा माणूस.”

“मंग माणूस, पण अल्लाचा लाडका. नबी. ते तर आम्हीबी मानतो.”

“नाही, तेही नाही,” सर म्हणाले. “देव. पुरा देव.”

“अन् दोन जण नाही,” ज्ञानेश्वर म्हणाला. “एकच.”

“एकच,” सर म्हणाले. “ते कुठं म्यानं नाकारलं?”

खुर्शीद सरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ते म्हणाले, माझं मानणं वेगळं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात पडत नाही. पण माझ्या बाजूनं पाहता तुम्ही दोघं एकाच बाकावर बसलेले दिसता. आमच्याकडेही चंद्र दिसला की नाही यावरून एका गल्लीत दोन दिवस ईद झालेली आहे, म्हणून विचारलं. दोन्ही दिवस शिरखुर्मा मिळाला एवढाच फायदा झाला.

सरांना तिथे पडल्यापडल्या जाणवलं, की आपण दोघांनी आत्ता एकामागून एक ‘नाही’च म्हटलं. कॅल्सेडॉनलाही त्या लोकांनी तेच केलं होतं. काय आहे हे त्यांनाही धड सांगता आलं नव्हतं. काय नाही, तेवढ्यावर त्यांचं जमलं होतं. अंघोळीच्या वेळी रोज म्हटलेली ती ओळ सरांना त्या खाटेवर पहिल्यांदा थोडी कळल्यासारखी झाली. ज्ञानेश्वरलाही तेच वाटत असावं, कारण त्यानं सरांच्या पायावरची चादर नीट केली.

हे फार वेळ टिकलं असतं तर बरं झालं असतं. पण सर म्हणाले, की एकूण तुझी चूक एवढीच की तू ‘स्वभाव’ हा शब्द टाळतोस. ज्ञानेश्वर म्हणाला, कारण तो शब्दच चुकीचा, लोक त्याचा भलताच अर्थ घेतात, ‘स्वरूप’ म्हणा. सर म्हणाले, स्वरूप म्हटलं की वेश आलाच, युटिकस आलाच. दोघांचे आवाज चढले. डॉक्टर सबीहा आत आली, तिनं सरांचं ब्लडप्रेशर बघितलं आणि ज्ञानेश्वरला बाहेर बसायला सांगितलं. खुर्शीद सर आपणहून उठले.

संध्याकाळी कौशल्याबाई डबा घेऊन आल्या. भावाला त्यांनी बाहेरून आत बोलावलं, दोघांपुढे मुगाची खिचडी ठेवली आणि दोघं खात असताना शांतपणे विचारलं, की अन्नपूर्णाबाईकडे तुमच्यातलं कोण जाऊन आलं?

कुणीच गेलं नव्हतं. ज्ञानेश्वरनं तिच्या बाजूनं एवढं रान उठवलं होतं, पण तिच्या दारात तो फिरकला नव्हता. सर तर तिकडून जाणंच टाळत होते. कौशल्याबाई म्हणाल्या, ती आता तिथे नाहीच. बहिणीकडे पिंपळगाव राजाला गेली, सामान घेऊन गेली. दोघांचेही घास हातात राहिले. सरांना मातीच्या दिवशीचं आठवलं. बाई रडत होती आणि आपण वाक्याची मांडणी तपासत होतो. त्यांना स्वतःचंच हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

ईस्टर झाल्यावर दोघं बसनं पिंपळगाव राजाला गेले. वाटेत त्यांनी ठरवायचा प्रयत्न केला की आधी कुणी बोलायचं. सर म्हणाले, चूक माझी, मी बोलतो. ज्ञानेश्वर म्हणाला, भाऊजी, तुम्ही बोलले की लंबं होते. सरांनी थोडक्यात बोलायचं वचन दिलं आणि मनातल्या मनात भाषण कापायला घेतलं. गाव येईपर्यंत प्रस्तावनेचा निम्मा भाग कमी झाला होता.

अन्नपूर्णाबाई बहिणीच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी दोघांना पाहिलं, पदर नीट केला, खाली येऊन पाणी दिलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. सरांनी सुरुवात केली, की बाई, त्या दिवशी मी जे बोललो, त्याची पार्श्वभूमी अशी होती, की चौथ्या आणि पाचव्या शतकात… ज्ञानेश्वर खाकरला. सर थांबले.

“सर,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “मले ते शतक नाही समजत. मातीच्या दिवशी ज्ञानेश्वरभाऊनं एक सांगतलं. मंग तुम्ही दुसरं सांगतलं. दोघंबी शिकेल मानसं. मले एवढंच सांगा. तो रडला का नाही रडला?”

“रडला,” सर म्हणाले.

“रडला,” ज्ञानेश्वर म्हणाला.

“देव?”

सरांच्या ओठावर पुढचं वाक्य आलं होतं. ते चांगलं वाक्य होतं. त्यात ‘एकाच व्यक्तीच्या ठायी’ असा शब्दप्रयोग होता आणि शेवटी चारही ‘नाही’ येत होते. त्यांनी ज्ञानेश्वरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, जणू परीक्षेचा निकाल लागायचा आहे. सरांनी ते वाक्य गिळलं.

“हाव, बाई,” ते म्हणाले. “देव.”

बाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत की हसल्याही नाहीत. त्यांनी चहा ठेवला. चहा पिताना मुलाचं काही काही सांगितलं. त्याला कुरडई तळून द्यायच्या आधी कच्चीच खायची सवय होती, शाळेत तो सरांच्या वर्गात होता, इतिहासात नापास होता होता वाचला होता. सरांना तो आठवला. मागच्या बाकावर बसायचा, आणि विनोद सांगितला की सगळ्यांच्या नंतर हसायचा. ते सर बोलले. बाईंना बरं वाटलेलं दिसलं. परत मोताळ्याला येणार का, असं ज्ञानेश्वरनं निघताना विचारलं. त्या म्हणाल्या, पाहू. इकडं खामगावचं चर्च जवळ पडते अन् गाणे चांगले असतात.

फाट्यावर बसची वाट बघत असताना सरांनी ते गिळलेलं वाक्य ज्ञानेश्वरला पुरं ऐकवलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, वाक्य चांगलं आहे, फक्त एक शब्द बदला. बस आली तरी दोघं बोलतच होते. कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं, कुठं जायचं म्हणून.

पाळकांनी पुढे उपासना एकच केली, मधली वेळ धरून, म्हणजे ती कुणालाच सोयीची राहिली नाही. पेटी परत आली. भिमाबाईचा बाजार मात्र चुकतो, ते ती अजून सुनावते. दोन घरं बुलढाण्याच्या मंडळीत गेली ती गेलीच. त्यांच्या दारी सर जाऊन आले, चहा मिळाला, पण घरं काही परतली नाहीत. अन्नपूर्णाबाई कधीमधी येतात, आल्या की कौशल्याबाईंशेजारी बसतात.

सरांना पाळकांनी मोठ्या गोड शब्दांत सांगितलं, की वर्षभर तुम्ही उपदेशाचा ताण घेऊ नका, फक्त सूचना वाचत जा. सर दर रविवारी सूचना वाचतात. पुढच्या आठवड्यात प्रार्थना कुणाच्या घरी, छताच्या दुरुस्तीचं काम कधी, एवढंच असतं. गेल्या रविवारी छताची सूचना वाचता वाचता ते इफिसच्या परिषदेकडे वळले, तेव्हा ज्ञानेश्वरनं हळूच पेटी वाजवायला सुरुवात केली, आणि मंडळी गायला उभी राहिली.